दोरीत अडकलेला पाय

चाचा,

काल पोरीला घेऊन यवतमाळला डायनासोरचा नवा सिनेमा पाहून आलो. कितवा भाग ते मला सांगता येणार नाही. आपण दोघांनी टॉकीजमध्ये दोन चालवले, त्यानंतर मी मोजणं सोडलं. पाहून आलो म्हणजे अर्धं कामच होतं ते. त्या हॉलचा आवाज मी बसवून दिला आहे, आणि मालक म्हणाला होता, "भाऊ, पहिल्या शोला येऊन बसा, कुठं कमीजास्त वाटलं तर सांगा." भिंतीत, छतात, पडद्यामागे मिळून इतके स्पीकर लावलेत की जनावर डावीकडे वळलं तर त्याचा श्वास डाव्या कानाला लागतो. तुम्ही असता तर वर पाहून पहिलं विचारलं असतं, "इतके भोंगे काहून बे? जनावर तं एकच हाये."

येताना दारव्ह्याला चहाला थांबलो. पोरगी अमरावतीला शिकते, सुटीत आली की माझ्यासोबत कामावर फिरते. तिने विचारलं, "बाबा, यापेक्षा पहिला भारी होता का?" मी म्हणालो, पहिल्याची सर कशालाच नाही. पहिल्यात जनावर दिसायला तासभर लागतो, आधी नुसते पाय ऐकू येतात. दुसऱ्यात सगळं दुकान आधीच मांडून ठेवलेलं. ती चहा फुंकत ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुमचं नाही वाटत. पाठ केल्यासारखं बोलता तुम्ही." तिचे कान माझ्यावर गेलेत, चाचा. बोलणं कोणाचं आहे ते तिला आवाजावरून कळतं. तेव्हा मी विषय बदलला, बिस्किटाचा पुडा घेतला. पण आज सकाळी दुकान उघडलं, गिऱ्हाईक काही नव्हतं, आणि कोटेशनच्या वहीची पाठची बाजू समोर होती. म्हणून लिहायला बसलो.

मी तुमच्याकडे आलो तो ऍम्प्लिफायर दुरुस्त करायला. दिग्रसच्या बस स्टँडसमोर माझं रेडिओ-टेपचं टपरीएवढं दुकान, वय बावीस, आणि स्वतःबद्दलचं मत त्या दुकानापेक्षा बरंच मोठं. गावच्या टॉकीजच्या आवाजात एक बारीक घूं येत होती, म्हणून मालक शेठने बोलावलं. मी जिना चढतानाच ती घूं ऐकली आणि मशीनच्या खोलीच्या दारातूनच सांगितलं की कंडेन्सर गेला आहे. तुम्ही स्टुलावर बसून फिल्मचा तुकडा जोडत होता. मान वर न करता म्हणालात, "अबे, डाक्टरही नाडी पाह्यते पह्यले." मी पेटी उघडली, कंडेन्सर काढून तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो हुंगला, जळका वास घेतला, आणि तुमच्या डब्याच्या झाकणात मला चहा दिला. "उद्यापासून येत जाय. सकाळी तुझं दुकान कर, तीन न् सहाचा शो माह्यासंग." पगाराचं शेठ बोलतील, असं म्हणालात. पगारासाठी मी आलो नसतो. त्या खोलीत एकाच वेळी किती आवाज होते, हे मी घरी जाऊन बोटांवर मोजलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहिला भाग आला. हिंदीत बोलणारे डायनासोर. सात आठवडे चालला, आर्णीपासून, पुसदपासून माणसं यष्टीने यायची. आपल्याकडे पडद्यामागे एकच भोंगा, तोही जुना. मोठा आवाज दिला की तो फाटल्यासारखा करायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सिनेमा चालवून पाहिला आणि जनावर कुठं कुठं ओरडतं ते टिपून घेतलं. मला वाटलं, तिथं आवाज वाढवायचा असेल. तुम्ही उलटं केलं. जनावर ओरडायच्या मिनिटभर आधीपासून तुम्ही बटण हळूहळू मागे घ्यायला लागलात, इतकं हळू की कोणाला कळू नये. पडद्यावरची माणसं कुजबुजल्यासारखी वाटायला लागली. तुमचा डोळा भिंतीच्या चौकोनी भोकाला, ज्यातून आपण हॉल पाहायचो. खाली आठशे डोकी. आधी फुटाणे फोडणं थांबलं. मग लहान लेकरं गप्प झाली. मग पाठी खुर्च्यांपासून सुटल्या आणि डोकी पुढे झुकली, ऐकायला. पाय वाजला, एक, दोन. आणि जनावर ओरडलं, तेव्हा तुम्ही बटण फक्त नेहमीच्या जागेवर आणलं होतं. एक रेघ वर नाही. तरी पहिल्या रांगेतला एक गडी खुर्चीसकट मागे पडला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला वळलात आणि मी बटण हातात घेतलं. जनावर ओरडताना मला राहवलं नाही, दोन रेघा वर दिलं. भोंगा खरखरला. तुम्ही तांब्या तसाच ठेवून माझ्या हातावर चापट मारली, चांगली लागली. "काहून वाढवलं?"

"चाचा, एवढं मोठं जनावर..."

"मोठं हाये ते त्याले माहीत हाये ना. तू कायले सांगून राह्यला?" आणि मग तांब्या परत उचलत, "आवाज वाढवून कोणी भेत नाई बे. त्यायले कान द्याले लाव. मंग जे ऐकू येईल ते मोठंच वाटते."

हे तुम्ही कुठं शिकलात, ते मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, बापाकडे. तुमचे वडील पिंजारी. घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायचे. लहानपणी तुम्ही त्यांच्या कमानीजवळ बसून ऐकायचात. कापूस गाठाळलेला असला की कमानीला ताणलेली तांत टणटण वाजते, आणि कापूस उमलत गेला की तिचा आवाज बसत जातो, शेवटी नुसता श्वासासारखा राहतो. आवाज संपला की काम झालं. बापाने कधी कापसाकडे पाहिलं नाही, असं म्हणाला होतात. समोरच्याशी गप्पा मारत कान कापसाकडे. वडील गेल्यावर कमान तुम्ही खुंटीला टांगली आणि तिची एक जास्तीची तांत, मेणकापडात गुंडाळलेली, मशीनच्या खोलीतल्या तुमच्या पेटीत आणून ठेवली. का, ते तुम्ही सांगितलं नाही.

मग कापसाचे भाव पडले ती वर्षं आली. कापूस तर घरात होता, पण बाजार त्याच्याकडे पाहायला तयार नाही. जिनिंग कारखान्यांचे भोंगे सकाळी वाजायचे ते दिवसाआड वाजायला लागले. गावाचा सगळा आवाजच उतरला, चाचा, कोणी माझ्यासारखं बसून ऐकलं असेल तर. आणि त्याच वर्षांत, एका तीनच्या शोला, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सूं करायला लागल्या. दोन कांड्या फार जवळ आल्या की दिवा असा सूं करतो, आणि तुम्ही ती सूं व्हायच्या आत, न बघता, चाक अर्धा फेरा फिरवायचात. त्या दिवशी सूं चालू राहिली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बिडी ओढत शांत बसलेले. पडदा लुकलुकायला लागला तेव्हा तुम्ही डोळ्यांनी पाहून चाक फिरवलं.

आठवडाभर मी नुसतं ऐकलं. मशीनच्या खोलीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे तुम्हाला ऐकू येईनासं झालंय हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही ओठ पाहून निभावत होता. पण खाली लोक कुरकुरायला लागले होते. कधी आवाज इतका की कान झाकावे, कधी नुसती तोंडं हलताना दिसावीत. शेठ माणूस वाईट नव्हता, पण दोनदा वर येऊन गेला. तिसऱ्यांदा मला जिन्यात गाठून म्हणाला, "आवाजाची अजून एक तक्रार आली ना, तर मी पुसदहून दुसरा ऑपरेटर आणतो. चाचांना सांगून ठेव तू."

मी ते तुम्हाला तोंड समोर धरून सांगितलं. तुम्ही बिडी विझवली. म्हणालात, "दुसरा भाग येऊन राह्यला ना डायनासोरचा? पह्यला म्या चालवला. दुसरा माह्या हातानं होऊ दे. मंग आणू दे त्याले पुसदवाला नाई तं बंबईवाला." तीस वर्षांची खुर्ची, आणि तुम्ही मागत होता फक्त एक सिनेमा. मी तेव्हा ठरवलं की हे होऊ द्यायचं. आणि अक्कल चालवली. ती मला कधी कमी पडली नाही, तुम्हीच म्हणायचात, "तुले अक्कल हाये, तिले बूड नाई."

तुमच्या पेटीतली तांत मी मागितली. सुतळी ताणली की लांबते, तांत लांबत नाही, हे कारण. तुम्ही ती काढून देताना एकदा बोटाने वाजवली आणि कानाजवळ नेली, आणि लगेच खाली घेतली. भोकातून ती खाली हॉलमध्ये सोडली. एक टोक तुमच्या डाव्या मनगटाला, दुसरं माझ्या बोटाला. मी शेवटच्या रांगेत, बरोबर भोकाखालच्या खुर्चीवर. एक ओढ म्हणजे कमी. दोन म्हणजे वाढवा. तीन म्हणजे कार्बन. शेठला सांगितलं की भोंगा जुना झालाय, खाली बसून त्याच्यावर लक्ष ठेवतो. दुसऱ्याच एका कौटुंबिक सिनेमावर आपण आठवडाभर तालीम केली. तुम्ही हसून म्हणालात, "म्हंजे मी आता बैल झालो ना बे?"

"तुम्ही गाडी हाकणारे धुरकरी, चाचा. मी नुसता कासरा."

"कासऱ्याले लय बोलता येते."

तक्रारी बंद झाल्या. शेठ खुश झाला. आणि ऐन कापसाच्या हंगामात दुसरा भाग आला.

खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागलेली असायची, मोजमाप कधी होईल याचा भरवसा नाही. घरचा एक माणूस गाडीवर बसायचा, बाकीचे तीनच्या शोला आपल्याकडे. अंगाला कापूस चिकटलेला, अंधारात रांगाच्या रांगा पांढुरक्या दिसायच्या. सिनेमा सुरू झाल्यापासून जनावरंच जनावरं. कळपच्या कळप. माझ्या पुढच्या रांगेतले दोघे भाऊ मला अजून ऐकू येतात. एकजण म्हणतो, "हे आपल्या पऱ्हाटीत शिरलं तं?" दुसरा म्हणतो, "शिरू दे ना. तसाबी भाव कुठी हाये? खाऊन तरी जाईल कोनी." आणि आजूबाजूच्या चार रांगा हसतात.

पहिल्या शोनंतर मी वर आलो, तर तुम्ही तोंड वाकडं करून बसलेले. ऐकू न येताही तुम्हाला पुरतं कळलं होतं. "पह्यल्यात जनावर दिसाले घंटा लागते. यायनं सारं दुकानच मांडलं पह्यल्यापासून. गिऱ्हाईकाले मांगूच देत नाई काई." आवाज मागे घ्यायला जागाच नाही, असं म्हणालात. लोक पुढे झुकणार कधी, सारखंच कोणीतरी ओरडतंय. तरी तुम्ही शोधून एक जागा काढली. शेवटाकडे मोठं जनावर शहरात शिरतं, त्याच्या आधी एक रस्ता आहे, रिकामा. तिथं मी एक ओढ द्यायची, मग अजून एक, लांब लांब अंतराने. तेवढ्या एका जागेसाठी तुम्ही तो सिनेमा चालवत होता. दहा दिवस ते छान जमलं. पहिल्याइतकं नाही, पण लोक झुकायचे.

मी मान डोलवत होतो. तुम्ही म्हणाल ते बरोबर. आणि खाली, दोरी बोटाला बांधून, तो सिनेमा मी बावीस-तेवीस वेळा पाहिला.

मग बाजाराचा दिवस आला. तीनचा शो, उभं राहायला जागा नाही, जिन्यावरही माणसं बसलेली. शेठ स्वतः दारात उभा. रिकामा रस्ता आला. मी एक ओढ दिली. हॉल शांत व्हायला लागला. पाय वाजला. आणि मग तांत दोनदा ओढली गेली. आणि परत दोनदा. आणि परत. तुम्ही भरवशाचा माणूस, जितक्या वेळा ओढ आली तितक्या वेळा बटण वर नेलं. जनावराने तोंड उघडलं, एक असा आवाज निघाला की माझ्या छातीतली हाडं हलली, आणि त्याच क्षणी पडद्यामागचा भोंगा फाटला. आवाज पूर्ण बंद.

यानंतरचं मी कोणाला नीट सांगू शकलो नाही, पोरीलाही नाही. पडद्यावर ते जनावर ओरडत राहिलं, मुकं. माणसं पळत होती, मुकी. गाड्या उलटत होत्या. आणि लोकांना वाटलं की सिनेमाच असा आहे. हजारेक माणूस श्वास धरून पुढे झुकलं. इतकी शांतता त्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती. वरची फिल्म सरकल्याची टकटक खालपर्यंत येत होती. पुढच्या रांगेतल्या त्या भावांपैकी एकाने दुसऱ्याचा हात धरलेला मला दिसला. किती वेळ, सांगता येत नाही. मग कोणीतरी शिटी मारली, आणि सगळे भानावर आले. आवाज! आवाज! खुर्च्या आपटायला लागले.

मी गर्दीतून जिना चढलो, मागे शेठ. तुम्ही बटणावर हात ठेवून भोकातून पाहत होता. मला पाहिलं आणि हसलात. इतका आनंद मी तुमच्या तोंडावर पहिल्याच्या सातही आठवड्यांत पाहिला नव्हता. "पाह्यलं काय बे? कसे वाकले सारे! पह्यल्यापेक्षा जास्त!" खाली हजार माणसं बोंबलत होती, चाचा. भिंत हलत होती. शेठने मागून हाक मारली, "चाचा." परत, जोरात, "चाचा!" तुम्ही वळला नाहीत. तुम्ही माझ्याकडेच पाहत होता आणि मी काय म्हणतो याची वाट पाहत होता. शेठने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

मग माझा चेहरा पाहून तुम्हालाही. तुम्ही परत भोकाला डोळा लावला. आता लोक उभे राहून, मागे वळून, वर तुमच्याकडे ओरडत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही त्यांची तोंडं पाहिली असतील. तुम्ही मशीन थांबवलं, हॉलचे दिवे लावले. मनगटाची गाठ दाताने सोडली, तांत भोकातून वर ओढून घेतली, तळहातावर नीट गुंडाळली, पिंजारी गुंडाळतात तशी, आणि खिशात ठेवली.

शेठ म्हणाला, "दोरी लावून सिनेमा चालवता का रे तुम्ही?" हसावं की चिडावं ते त्याला ठरवता येत नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, "गर्दी होती शेठ. कोणाचा तरी पाय अडकला दोरीत." ओठ माझे तुम्हाला दिसत होते.

नागपूरहून नवा भोंगा आला आणि खुर्ची शेठने मला दिली. पुसदहून कोणाला आणायची गरज काय, घरचाच आहे, म्हणाला. तुम्हाला त्याने फाटकावर तिकिटं फाडायचं काम देऊ केलं होतं, तिथं कान लागत नाहीत. तुम्ही नाही म्हणालात. "तीस वर्सं लोकायच्या पाठी पाह्यल्या. आता तोंडं पाहून काय करू?"

तुम्ही बापाची कमान खुंटीवरून काढली. बाजारात कापसाला कोणी विचारत नव्हतं, म्हणून लोक म्हणायला लागले की विकण्यापेक्षा गाद्या भरून घेऊ, आणि तुमच्या अंगणात कापसाचे ढीग लागले. मी एका सकाळी आलो, तेव्हा तुम्ही कोपर कमानीच्या लाकडाला टेकवून पिंजत होता. डोळे मिटलेले. कापूस कसा उमलतोय ते हाडातून ऐकत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. सांगायलाच आलो होतो त्या दिवशी. तुम्ही डोळे उघडले, मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि विचारलं, "दोरीत पाय कोनाचा होता बे?"

मी म्हणालो, "माहीत नाही चाचा. गर्दी होती."

तुम्ही माझे ओठ जरा जास्त वेळ पाहिलेत. मग म्हणालात, "तीन डाव ओढली गेली. जबर पाय असंल." आणि परत कमान उचलता उचलता, "जनावराचाच असंल मंग."

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही दोन गाद्या पाठवल्या. इतका मऊ कापूस की सासरच्यांनी हात लावून पाहिला. त्याच गाद्या परत परत पिंजून अजून आम्ही वापरतो, आता मशीनवर पिंजतात, पाच मिनिटांत होतं आणि काही ऐकावं लागत नाही. टॉकीज दोन वर्षांनी बंद झाली. त्या खुर्चीवर जे शिकलो त्यावर मी लग्नाचे मंडप, सभा, मशिदी, विहारं, सगळीकडे आवाज बसवला, आणि लोक म्हणतात याच्याइतका कान जिल्ह्यात नाही. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला मी होतो. तिथंही बोललो नाही.

आणि त्या सबंध काळात जो कोणी विचारेल त्याला मी सांगत आलो की पहिला भारी, दुसऱ्यात दम नाही. तुमचेच शब्द, तुमच्याच चालीत. पहिला भारी होताच, चाचा. तो तुम्ही भारी केला होता. माझ्या हातात नुसता कासरा होता, आणि बावीस वेळा मी आवाज खाली ओढला, जसं शिकवलं तसं. तेविसाव्या वेळी मला ते जनावर पूर्ण ओरडताना ऐकायचं होतं. एकदाच. गावात महिनोन्‌महिने सगळं दबक्या आवाजात चाललं होतं, माणसं बाजारातसुद्धा हळू बोलायची, आणि हे एक जनावर शहरात शिरून वाट्टेल ते करत होतं, कोणाला न विचारता. मला ते खूप आवडलं होतं. भोंग्याला ते झेपणार नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

हे पान मी वहीतून फाडणार नाही. पुढच्या बाजूला दारव्ह्याच्या एका लग्नाचं कोटेशन आहे, ते लागेल. दुकानामागच्या घरातून पोरगी जेवायला बोलावते आहे. तिला आज सांगणार आहे की दुसरा मला आवडला होता. ती विचारेल, मग इतकी वर्षं उलटं काहून सांगितलं? तिला काय सांगायचं ते बघीन. तुम्हाला एवढंच. पाय कोणाचाच अडकला नव्हता.